चौथ्या सवारीचा चहा

"माझी सवारी सोड, वहिनी!"

"मी काय दावणीला बांधलीय व्हय तुमची सवारी? पाय हायेत तिला. उठंल आन् येईल."

"उठू देशील तर उठंल ना! हा तिसरा कप हाय तिच्या हातात."

"दुसरा. पहिला सांडला हुता."

"सांडला का तू सांडलास?"

भिंगारच्या रिक्षा स्टँडवर, ऐन दुपारी, शेअर रिक्षावाला बाबाजान आणि भजीवाली झुंबरबाई यांची ही अशी जुंपली होती. रिक्षात मागच्या बाकावर दोन कॉलेजची पोरं आणि एक निवृत्त सुभेदार घामानं एकमेकांना चिकटून बसले होते. ड्रायव्हरच्या शेजारची चौथी जागा तेवढी रिकामी. आणि त्या जागेची मालकीण बायडाबाई, रिक्षापासून हातभर अंतरावर, दगडावर मांडी ठोकून बशीतला चहा फुंकत होती. तिच्या पायाशी झुंबरबाईची किटली, आणि किटलीशेजारी कमरेवर हात ठेवून खुद्द झुंबरबाई.

चौथी सवारी बसल्याशिवाय भिंगारची रिक्षा नगरच्या माळीवाड्याकडे हलत नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मोडलेलाही कुणी पाहिलेला नाही.

"बायडाबाई, चला की आता," बाबाजान काकुळतीला आला.

"थांब रं बाबा. जीभ भाजंल माजी."

फुकटचा चहा गार करून पिणाऱ्या बाईला घाई करायला लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय. बाबाजाननं तिचा नाद सोडला आणि पुन्हा मुद्द्याच्या माणसाकडं वळला.

"वहिनी, मी तुला काय आजच ओळखत न्हाई. सख्ख्या नणंदेला भज्यासंगट तळलेली मिरची देताना तुझा हात थरथरतो. आन् आता रोज दुपारी किटली घेऊन स्टँडवर? फुकट? कशापायी?"

"पुण्य करते."

"पुण्य! तू!" बाबाजाननं आकाशाकडं पाहिलं. "या अल्ला, हिच्यावर नजर ठेव. हिचं कायतरी चाललंय."

झुंबरबाईनं उत्तरादाखल एक कप भरून त्याच्या हातात दिला. बाबाजान तो परत देणार होता. पण आलं दणकून घातलेलं होतं, आणि वास नाकात शिरला की तत्त्वं बाहेर पडतात. तो रिक्षाला टेकून प्यायला लागला. रिक्षा तिथंच. तिच्या मागच्या दोन रिक्षाही तिथंच. आणि तिकडं पाथर्डी रस्त्यावर, खांबावरच्या मोठ्या फलकावर लाल अक्षरं लुकलुकली: 'पुढे कोंडी. डावीकडे वळा.'

पुढे कसलीही कोंडी नव्हती. रस्ता असा मोकळा होता की मधोमध एक शेळी बसून रवंथ करत होती.

खरं काय चाललं होतं ते कळायचं तर आधी झुंबरबाई कळायला हवी.

तिचं माहेर देवळाली प्रवरा. पाटाच्या पाण्याचं, उसाच्या फडांचं गाव. 'झुंबर' हे नाव कुठून आलं असं कुणी विचारलं तर म्हणायची, "आमच्या घरात लाईट न्हवती, म्हनून." लग्न होऊन भिंगारला आली ती हनुमंताच्या घरी. हनुमंत लष्कराच्या हद्दीत माळीकाम करायचा. साहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ कातरायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. त्याच्या वाटचं बोलणंही झुंबरबाईनंच उरकलं. तांबोळी बोळाच्या मधोमध भज्यांचा हातगाडा तिनं लावला तो नवरा असताना हौस म्हणून. नवरा गेल्यावर तो गरज झाला आणि पोरगा कमवायला लागल्यावर खोड.

त्या गाड्यावर उभं राहून ती अख्ख्या बोळाची खबर ठेवायची. कुणाची सून रुसून गेली, कुणाच्या जावयाची नोकरी सुटली, हे तिला त्या त्या घरच्यांच्या आधी कळायचं. भजी देताना ती सल्लाही द्यायची, आणि सल्ला नको असलेल्याला भजी जरा कच्ची मिळायची.

बोळ म्हणजे काय, तीन रिक्षा एकमेकींना खेटून जातील एवढी वाट. पण मोठ्या चौकात गाड्या तुंबल्या की शहाणी माणसं या बोळातून पळ काढायची, आणि पळता पळता वास लागून थांबायची. चौक तुंबायचा दिवसातून दहादा. दुसऱ्याची अडचण ही झुंबरबाईची बोहनी. कढईतला एक घाणा निघतो न निघतो तोच दुसरा सुटायचा.

मग चौकात हुशार सिग्नल आला. खांबांवर डोळे वटारलेले कॅमेरे आले, रस्त्यावर तो फलक आला, आणि शेअर रिक्षांमध्ये काडेपेटीएवढी एकेक डबी बसवली गेली. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं हे सगळं आणलं. ज्या बाजूला गाड्या जास्त, त्या बाजूला हिरवा दिवा जास्त वेळ. चौक मोकळा वाहायला लागला. लोक खूश झाले, पोलीस झाडाखाली बसून कलिंगड खायला लागले. बोळात मात्र काळं कुत्रं फिरकेना. तेल तापायचं आणि तसंच निवायचं.

सुपा एमआयडीसीत कामाला असलेला तिचा मुलगा सुनील फोनवर म्हणाला, "आई, आता बास. आखितीच्या सणापर्यंत बघ. गाडा चालला तर ठीक, न्हाईतर तुझं सामान सुप्याला आणायला मी टेम्पोच घेऊन येतो."

सून वाईट असती तर भांडून तरी वेळ मारून नेता आली असती. पण मोनिका गुणी होती. ती लाडानं म्हणायची, "आई, तुम्ही इथं काही करायचं नाही. फक्त बसायचं."

हे 'फक्त बसायचं' झुंबरबाईच्या काळजात रुतलं होतं. "फक्त बसायला मी काय गौर हाय?" ती बायडाबाईला म्हणाली. "गौर बी अडीच दिसात उठती. मला कोन उठवनार?"

आणि अशात एक दिवस हर्षल गाड्यावर आला.

हर्षल त्या पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर, भिंगारच्या कंट्रोल रूममध्ये बसणारा. पण बोलण्यात निघालं की तो देवळाली प्रवरेचा. झालं! माहेरच्या गावचा पोरगा म्हणजे भाचा, यात विचारायचं काय? तिनं त्याला आजा-पणजापर्यंत खोदून विचारलं, मग कढईतली सगळ्यात कुरकुरीत भजी काढून पुढं ठेवली. तो पहिल्या घासाला 'आत्या' म्हणाला आणि रोज यायला लागला.

पोरगं बोलकं. आपल्या यंत्राचं कौतुक सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे, जसे नव्या नवरदेवाचे.

"आत्या, रिक्षातली ती डबी आहे ना, तिच्यावर हिरवं बटण. ड्रायव्हरनं ते दाबलं की फेरी सुरू झाली असं यंत्राला कळतं. मग यंत्र बघतं, रिक्षा किती वेगात चाललीय. फेरी सुरू होऊनही रिक्षा जागची हलत नाही, म्हणजे पुढं कोंडी. मग फलकावर आपोआप येतं, डावीकडे वळा."

"डावीकडं म्हंजी कुठं रं?"

"म्हणजे इथं. तुमच्या बोळात."

झुंबरबाईचा झारा कढईवर थबकला.

"पण एक गंमत होतेय," हर्षल मिरचीचं देठ काढत म्हणाला. "भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हाच मधूनच कोंडी दाखवतं. थोडा वेळ, आणि गायब. आमचे साहेब म्हणतात, काळजी करू नका, यंत्र शिकतंय अजून."

दुपारी सवाऱ्या कमी असतात. आणि स्टँडचा रिवाज असा, की रिक्षात पहिली सवारी बसली की ती फेरी त्या ड्रायव्हरची. मग त्याचा नंबर कुणी खायचा नाही. ही नवी डबी आल्यावर रिक्षावाल्यांना वाटलं, बरं झालं, नंबर लावायला बटण मिळालं. पहिल्या सवारीचं बूड टेकलं की ते हिरवं बटण दाबायचे. मग उरलेल्या तिघांची वाट बघत, अर्धी रिक्षा रस्त्यावर, अर्धी स्टँडवर, आरामात उभे. यंत्राला वाटायचं, बिचारे अडकलेत.

हे सगळं झुंबरबाईच्या डोळ्यांपुढून एका क्षणात गेलं. ती तोंड उघडणार होती. मग तिला सुप्याच्या फ्लॅटमधला, 'फक्त बसायचा' सोफा दिसला. तिनं एक भजं उचललं, तोंडात टाकलं, आणि जिभेवर आलेलं सगळं त्याच्याबरोबर गिळलं.

"शिकू दे बाबा," ती म्हणाली. "शिकनाऱ्याला मधी टोकू नी."

दुसऱ्या दिवसापासून तिचं पुण्यकर्म सुरू झालं.

हिशोब सोपा होता. चौथी सवारी जेवढा वेळ खाली, तेवढा वेळ फलक लाल. चौथी सवारी खाली ठेवायची तर तिच्या हातात काहीतरी गरम हवं. झुंबरबाई दुपारी किटली घेऊन स्टँडवर जायची, चौथ्या माणसाला नेमकी हेरायची, आणि "काय ऊन मावशी! दम खा जरा, घोटभर घ्या" असं म्हणत त्याला दगडावर बसवायची. कुणी नको म्हणालं की, "आज हनुमंताची तिथ हाय, न्हाई म्हनू नका." त्या उन्हाळ्यात हनुमंताची तिथ जवळपास रोजच आली.

या चहा पिणाऱ्यांत झुंबरबाईला बायडाबाई हे रत्न सापडलं. बायडाबाईला माळीवाड्याला काही काम नसायचं. पण चहा मिळतो म्हटल्यावर ती रोज चौथी सवारी व्हायला यायची, तिघं बसेपर्यंत लांब लिंबाखाली उभी राहायची आणि मग लगबगीनं यायची. कधीकधी तर चहा पिऊन झाल्यावर म्हणायची, "जाऊ दे, आज नगरला जायचा मूडच न्हाई," आणि घरी परत. मग बाबाजान कपाळ बडवून पाचव्याची वाट बघायचा.

फलक लुकलुकला की झुंबरबाई लगबगीनं गाड्यावर परत, आणि इकडं बोळात गाड्या वळायला लागल्या. मोटारसायकली, चारचाक्या, भाजीचे छोटे टेम्पो. वळले की वास, वास आला की ब्रेक. कढई पुन्हा बोलायला लागली.

आखितीला सुनील ठरल्याप्रमाणं टेम्पो घेऊन आला. फलकानं त्यालाही डावीकडं वळवलं. बोळात शिरला आणि बघतो तर गाड्याभोवती ही गर्दी.

"आई, हे काय?"

"गिऱ्हाईक. बघत काय उभा ऱ्हायलास, कांदा चीर."

सुनीलनं कांदा चिरला. मग प्लेटा मांडल्या. मग एका मास्तरांना चटणी कमी दिली म्हणून बोलणी खाल्ली. दिवस कलल्यावर तो दमून गाड्याच्या दांडीला टेकला. "आखितीपर्यंत बघ म्हणालो होतो मी," तो हसत म्हणाला. "बघितलं." टेम्पो रिकामा परत गेला. मोनिकासाठी झुंबरबाईनं भजी बांधून दिली आणि वर निरोप, "तिला म्हनावं, तूच इकडं ये. फक्त बस."

इथं थांबली असती तर ती झुंबरबाई कसली?

तिनं सकाळीही किटली न्यायला सुरुवात केली. मग संध्याकाळी. बाबाजानला एव्हाना तिचा डाव कळला होता. ती कबूल झाली नव्हती, पण एकदा तो फलकाकडं, मग किटलीकडं, मग पुन्हा फलकाकडं बघत राहिला आणि एकदम इतका हसला की रिक्षातला सुभेदार घाबरला.

"वहिनी, तू फौजेत पायजे हुतीस! शत्रूला चहा पाजून मारलं असतंस."

"बोंबलू नका. तुमास्नी बी रोज एक प्लेट."

"मिरची?"

"दोन."

असा तह झाला. पण यंत्र खरोखरच शिकत होतं. आधी ते थोडा वेळ लोकांना बोळात वळवायचं. आता सकाळपासूनच वळवायला लागलं. वाळूचे डंपर आले. शाळेच्या बस आल्या. एका ट्रकच्या आरशानं गाड्यावरची छत्री उचलून चार घरं पलीकडं नेऊन ठेवली. पुढचा थांबला की मागचे दहा जण हॉर्नवर झोपायचे, म्हणून कुणाची थांबायची हिंमत होईना. लोक खिडकीतून हात बाहेर काढून "एक प्लेट!" ओरडायचे आणि प्लेट भरेपर्यंत पुढं ढकलले जायचे. भज्यांना कांद्यापेक्षा धुराचा वास जास्त. बोळातल्या बायका दारं लावून घ्यायला लागल्या आणि झुंबरबाईची खबर तुटली. गर्दी होती, गिऱ्हाईक नव्हतं.

अशातच हर्षल आला. रोजच्यासारखा बाकड्यावर बसला नाही. उभाच राहिला, आणि कानाला लागलेल्या हॉर्नच्या वर आवाज काढून म्हणाला,

"आत्या, काल मी बाबाजानभाईंच्या रिक्षात बसलो होतो."

"बरं केलंस. ऊन लई हाय."

"तिसरी सवारी म्हणून बसलो. चौथ्या बाईंनी चहा घेतला. मग अजून घेतला. मग त्या घरी निघून गेल्या."

"आसंल काम तिला."

"आत्या!"

"आरं वरडतो कशाला? मी काय बहिरी हाय? हे हॉर्न वाजवनारे बहिरे हायेत."

हर्षल जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण भज्यांनी पोसलेला राग. पूर्ण चढत नव्हता. "मी रात्रंदिवस डोकं खाजवतोय. साहेब मला विचारतात, मी यंत्राला विचारतो. आणि इथं तुम्ही किटली घेऊन..." त्यानं किटलीकडं बोट केलं. "तुम्हाला माहितीय का यंत्रानं काय ठरवलंय? त्याच्या मते हा बोळ आता भिंगारचा मुख्य रस्ता आहे. त्यानं शिफारस केलीय, बोळ कायमचा एकदिशा करा आणि इथं कुणालाही थांबू देऊ नका. सोमवारी पाटी लागेल. थांबण्यास मनाई."

"गाड्याला बी?"

"गाड्याला आधी."

झुंबरबाईनं गॅस बारीक केला. मग ती हळूच म्हणाली, "आन् यावर विलाज?"

"आहे. तुम्ही मला स्पष्ट सांगायचं, की हे सगळं तुम्ही मुद्दाम केलं. मग मी साहेबांना सांगतो, या दिवसांची यंत्रातली माहिती खोटी आहे, ती काढून टाका. रिक्षावाल्यांना सांगतो, चौथा बसल्यावरच बटण दाबा. पाटी लागत नाही, गाडा जिथल्या तिथं."

"आन् बोळ?"

हर्षलनं नजर वळवली. "बोळ... पहिल्यासारखा."

"रिकामा."

"रिकामा."

"म्हंजी खरं बोलले तर तेल निवनार, सुनील टेम्पो घेऊन येनार. आन् गप ऱ्हायले तर गाडाच उचलायचा. वा रे भाचा! देवळालीचा हायेस का शेजारच्या गावचा?"

"मी काय करू, आत्या? साहेब आता फोन करतील. मला त्यांना काहीतरी सांगावं लागेल. आणि तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी तुमचं नाव घेणार नाही. खोटं सुद्धा मला बोलता येत नाही."

"हे मातर देवळालीचं न्हाई," झुंबरबाई पुटपुटली.

तेवढ्यात गाड्यांच्या रांगेतून आडवा-तिडवा होत बाबाजान धापा टाकत आला.

"वहिनी! किटली कुठाय? येळ टळून गेली!"

"बाबाजानभाई, तुम्ही तर बोलूच नका," हर्षल म्हणाला.

"तू थांब, सायेब." बाबाजाननं त्याला हातानं बाजूला सारलं. "वहिनी, सवाऱ्या रिक्षात बसंनात. म्हनतात, आधी चहा. पलीकडच्या स्टँडवरच्या सवाऱ्या सुदा हिकडं आल्यात, का तर म्हनं भिंगारला चहा मिळतो. मी म्हनलं, आज फुकट न्हाई. तर म्हनतात, आमी काय भिकारी हाय? पैशे घ्या, पन संगट भजी पायजेत. बायडाबाई तर रुसून बसलीय. म्हनती, मला पैशे मागितले तर मी दुसरीकडं चौथी हुईन."

झुंबरबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग बोळाकडं पाहिलं. गाड्यांची रांग, धूर, हॉर्न. एक माणूस खिडकीतून भज्यांकडं आशाळभूत नजरेनं बघत पुढं सरकून गेला.

तिनं गॅसची चावी फिरवली. कढईवर ताट झाकलं. पीठ झाकलं. पदर कमरेला खोचला, वाकली, आणि गाड्याच्या चाकांना लावलेले दगड पायानं बाजूला केले. ती चाकं कित्येक वर्षांत फिरली नव्हती. पहिल्या धक्क्याला ती नुसतीच कण्हली.

"बघताय काय? लावा हात," ती बाबाजानला म्हणाली.

बाबाजाननं खांदा लावला. गाडा हलला.

"आत्या, काय करताय?" हर्षलला आधी उमजेना. गाड्याचं तोंड स्टँडकडं वळलं तेव्हा उमजलं, आणि त्याचा चेहराच उतरला. "आत्या, तिथं नाही! अहो तिथं गाडा लागला तर एकही रिक्षा जागची हलणार नाही! चौघं बसल्यावर पण हलणार नाही! आत्या, यंत्र वेडं होईल माझं!"

बोळातून उलट्या दिशेनं हातगाडा निघाला होता. समोरच्या गाड्या भिंतींना चिकटल्या, एक डंपर चक्क मागं सरकला. त्याचा ड्रायव्हर शिव्या द्यायला खाली वाकला आणि कढईचा वास आल्यावर विचारता झाला, "मावशी, कुठं लावनार?"

हर्षलच्या खिशातला मोबाईल वाजायला लागला. मोबाईल हातात धरून तो रांगेतून वाट काढत गाड्यामागं पळाला.

"आत्या, साहेबांचा फोन आहे! निदान एवढं सांगून जा! तुम्ही मुद्दाम केलं का नाही? हो का नाही?"

झुंबरबाईनं दांडी घट्ट धरली, गाडा वळणावर रेटला, आणि चहाची किटली सांडू नये म्हणून तेवढी डाव्या हातानं सावरून, मागं वळूनही न बघता स्टँडच्या दिशेनं चालू लागली.